चार किलो तार

"हा कागद नेमका ऱ्हातो कुठं?" कडूबानं विचारलं.

देवानंद आपल्या नेट कॅफेतल्या झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होता. त्यानं मान वर केली. "कोणता कागद?"

"हाच की, ह्या टीव्हीत दिसून राह्यला तो. आता मी चहाचे बारा रुपये ह्याच्यात टाकले. मी घरी गेलो, तू मशीन बंद केली, मंग माझे बारा रुपये गेले कुठं?"

"ते इथं न्हाई ऱ्हात मिस्तरी. इंटरनेटवर ऱ्हातात. अमेरिकेत कुठंतरी मोठाल्या मशिनी हायेत, तिथं."

"तिथं लाइट जात न्हाई का?"

"न्हाई जात."

यावर कडूबानं जरा विचार केला. वडीगोद्रीत दिवसातले दहा-बारा तास लाइट नसायची, आणि असायची तेव्हा तिच्यात जीव नसायचा. अशा मरतुकड्या लाइटवर शेतातल्या मोटारी जळायच्या, आणि मोटारी जळायच्या म्हणून कडूबा मिस्तरीच्या घरी चूल पेटायची. ज्या देशात लाइटच जात नाही तिथले मिस्तरी काय खात असतील, हा त्याला पडलेला खरा प्रश्न होता. पण तो देवानंदला विचारण्यात अर्थ नव्हता. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे आमच्या घरातलं पावशेर जिरं अमेरिकेला माहीत झालं म्हण."

"तुमच्या पोरीला, नंदाला, अन् तुम्हाला सोडून कुणालाच दिसत न्हाई ते. बिलकुल काळजी करू नका."

काळजी कडूबाला नव्हतीच. त्याला उत्सुकता होती. लहानपणी त्यानं मामाचं घड्याळ उघडून पाहिलं होतं आणि मार खाल्ला होता. पुढे जालन्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मोटारी भरायला शिकला, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला, तेही आत काय आहे ते पाहण्याच्या नादातच. बंद झाकण दिसलं की या माणसाचे हात शिवशिवायचे.

या कागदाच्या नादाला मात्र तो हौसेनं लागला नव्हता. हायवेला लागून पत्र्याचे पाच गाळे होते, त्यातल्या तिसऱ्यात बावीस वर्षांपासून कडूबाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. गाळ्यांचे मालक अप्पाराव अंबडला राहायचे. दसऱ्याच्या सुमाराला ते स्वतः आले आणि सांगून गेले की पत्रे काढून पक्कं बांधकाम करायचं आहे, गुढीपाडव्यापर्यंत जो साठ हजार डिपॉझिट भरेल त्याला गाळा, जुना भाडेकरू म्हणून पहिला मान तुझा. न भरलं तर मात्र माझा इलाज नाही. माणूस वाईट नव्हता, बोलला तेही गोडच बोलला. पण बातमी काही गोड झाली नाही. जळालेली मोटार टेम्पोत घालून आलेला शेतकरी मिस्तरीला शोधत हिंडत नाही. तो सवयीच्या जागेवर येतो, आणि तिथं दुसराच कोणी दिसला तर त्याच्याकडे मोटार टाकून मोकळा होतो. गाळा गेला की बावीस वर्षं गेली, हे कडूबाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जवळ होते चाळीस हजार. वीस हजार कमी. पाडव्याला पाच महिने. म्हणजे महिन्याला चार हजार बाजूला पडले पाहिजेत, आणि आजवर कधी हजारसुद्धा नेमानं पडले नव्हते.

लेक नंदा औरंगाबादला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. ती म्हणाली, मी देते. कडूबा म्हणाला, लेकीच्या पगाराला हात लावायचा नाही. तेव्हा दिवाळीला आलेल्या नंदानं बापाला हाताला धरून देवानंदच्या नेट कॅफेत नेऊन बसवलं. तिथं तिनं एक पान तयार केलं. तारीख, कशाचा खर्च, किती. प्रत्येक खर्चाला महिन्याची हद्द. हद्द ओलांडली की तो रकाना आपोआप लाल. जमा वेगळी, खर्च वेगळा, शिल्लक खाली. इथं बापानं आकडा टाकला की तिकडं औरंगाबादला तिला दिसणार.

कडूबाची मराठी शाळा पाचवीत सुटली होती, पण इंग्रजी मोठी अक्षरं त्याला मोटारीच्या पाटीवरून ओळखीची होती. त्याच अक्षरांनी तो मराठी लिहायला लागला. CHAHA 12. JIRA 18. TAR 5 KILO. एक अक्षर सापडेपर्यंत उजवं बोट हवेत घिरट्या घालत राहायचं. रोज दुकान बंद केलं की दहा मिनिटं कॅफेत. देवानंद त्याचे पाच रुपये घ्यायचा, आणि खर्च मांडायचा हा खर्चही कडूबा इमानदारीनं मांडायचा. NET 5.

पहिल्याच आठवड्यात त्यानं त्या पानाची परीक्षा घेतली. चहाची हद्द नंदानं तीनशेची ठेवली होती. त्यानं मुद्दाम तीनशे टाकून पाहिले. पांढरा. तीनशे एक टाकले. लाल. पुन्हा तीनशे. पांढरा. हा खेळ त्यानं दहा-बारा वेळा केला. मग खालची बेरीज कागदावर करून ताडून पाहिली, दोनदा. रुपयाचा फरक नाही.

"फ्यूज हाये हा," तो देवानंदला म्हणाला. "बराबर वेळेला उडतो. माणसाला असा बसवता आला असता तर लई बरं झालं असतं."

पहिला महिना संपला तेव्हा त्याला कळलं की तो दिवसाला अकरा चहा पितो. आलेल्या गिऱ्हाइकाला पाजलेले वेगळे. त्याला वाटायचं चार, फार तर पाच. सगुणाबाईनं ते ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "हे मी वीस वर्सं सांगून राह्यले, ते पटलं न्हाई. अमेरिकेनं सांगितलं की पटलं."

तिला हा उद्योग पोरखेळ वाटायचा, पण गाळा तिलाही हवाच होता. बाजारातून आली की आठवून आठवून आकडे सांगायची. मेथी चार रुपये. बांगड्या पंचवीस, त्या नका मांडू. कडूबा बांगड्याही मांडायचा. चहा अकरावरून चारवर आला. तंबाखूची पुडी दोन दिवस पुरू लागली. थेंबे थेंबे तळे साचे हे शाळेच्या भिंतीवर त्यानं हजारदा वाचलं होतं, पण तळं साचताना रोज संध्याकाळी दिसतं कसं हे आता दिसलं. पहिल्या महिन्यात चार हजार शंभर पडले. दुसऱ्यात तीन हजार नऊशे. माणूस इतका हुरळला की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचा, तुमचा महिन्याचा गुळाचा खर्चा किती? गिऱ्हाईक गोंधळून जायचं.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी नंदाचा फोन आला.

"अण्णा, एक विचारू का? तीन महिन्यांत तुम्ही तार घेतली सेहेचाळीस किलो."

"घेतली."

"जमेला ज्या मोटारी दिसून राह्यल्यात, त्यांना लागते बेचाळीस. मी दोनदा लावून पाहिलं. चार किलो तार कुठं गेली?"

नंदा त्या दुकानात वाढलेली. शाळा सुटली की तराजूवर तांब्याची तार मोजून द्यायचं काम तिचंच होतं. तीन एचपीला किती आणि पाचला किती हे तिला पाढ्यांसारखं पाठ. तिला थाप मारून चालण्यासारखं नव्हतं, आणि कडूबाला थाप मारायचीही नव्हती. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"पाहतो," तो म्हणाला.

करंट कुठं गळतो हे शोधणं त्याच्या रोजच्या कामातलं. वायरीला जोडलेला तपासणीचा दिवा घेऊन एकेका वेटोळ्याला लावत जायचं, दिवा लागला की तिथं खोट. तसाच तो दुकानातल्या भिंतीवरच्या खडूच्या खुणांपासून सुरू झाला. कोणती मोटार कधी आली, कधी गेली. दोन किलोंचा पत्ता लगेच लागला. मारुतीच्या देवळाची मोटार. तिचे पैसे कोण घेणार? उरलेल्या दोन किलोंपाशी येऊन तो थांबला. मार्गशीर्षात गिरिजाबाईंच्या विहिरीवरची तीन एचपी. तिची जमा पानावर नव्हती, कारण जमा झालीच नव्हती. ती कधीच होत नसे, त्यामुळे आपण ती सोडतो आहोत हेही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

गिरिजाबाईंचा नवरा भिवा. वडीगोद्रीपासून दोन कोसांवर त्यांची मोसंबीची बाग. कडूबानं नवंनवं दुकान टाकलं तेव्हा आठ दिवस कोणी फिरकलं नव्हतं. कालच्या पोराच्या हातात मोटार कोण देईल? नवव्या दिवशी भिवा बैलगाडीत मोटार घालून आला. कडूबानं ती जीव ओतून भरली आणि घाईत एक जोड उलटा मारला. मोटार विहिरीवर तासभर गुरगुरली आणि जळून गेली. मोसंबीची रोपं नुकतीच लावलेली, ऊन मी म्हणत होतं. भिवा दिवस मावळायला पुन्हा गाडी घेऊन आला, रस्त्यात कोणी काही विचारू नये म्हणून वर कडबा टाकून. त्यानं आवाज चढवला नाही. मोटार खाली उतरवून एवढंच म्हणाला, "लोकाला मी लाइटनं जळाली म्हून सांगितलंय. आता बराबर भर."

त्या एका वाक्यावर कडूबाचं दुकान उभं राहिलं. तेव्हापासून त्या घराच्या मोटारीचे पैसे त्यानं घेतले नाहीत. भिवा भांडायचा, कडूबा ऐकायचा नाही. मग भिवानं भांडणं सोडलं आणि दर फाल्गुनात ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ आणि मोसंब्या पाठवायला सुरुवात केली. आठ वर्षांपूर्वी भिवा गेला. बाग गिरिजाबाईंनी हिंमतीनं सांभाळली, मोटारी येत राहिल्या, पोतंही येत राहिलं. सगळं गाव कडूबाला मिस्तरी म्हणायचं. गिरिजाबाई तेवढ्या भावजी म्हणायच्या, नवऱ्याच्या धाकट्या भावाला म्हणावं तसं. तो त्यांना वहिनी म्हणायचा.

हे सगळं त्यानं पुढच्या रविवारी नंदाला फोनवर सांगितलं. तिला अर्धं ठाऊकच होतं.

"देवाचं राहू द्या अण्णा. पण गिरिजाकाकूंची बाग चांगली हाये. त्या काही गरीब न्हाईत."

"गरिबीचा सवालच न्हाई ना बाई."

"मंग कशाचा हाये? अण्णा, फुकट काम करायला पण आधी दुकान लागतं. ते राह्यलं तर पुढं वीस वर्सं करा फुकट."

सगुणाबाई शेजारी बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "ती जवारी, ती दाळ, त्या मोसंब्या, हे कुठं मांडलं तुमच्या त्या कागदात?"

"ते कशाला मांडायचं? ते आलेलं हाये. खर्चा झाला तर मांडायचा."

"मंग तुमचा कागद एका डोळ्यानं आंधळाच हाये म्हणायचा," ती म्हणाली आणि उठून गेली.

कडूबाला ते लागलं, पण पटलं नाही. घरी आलेल्या धान्याची किंमत कोण करतं? लेकीबाळींच्या घरून आलेलं, सोयऱ्यांकडून आलेलं, त्याला कोणी भाव लावत नाही. भाव लावला तर ते विकत घेतल्यासारखं होतं. त्याच्या सात पिढ्यांत कोणी असं केलं नव्हतं.

फाल्गुनातली होळी जवळ आली. साठ हजारांपैकी सत्तावन्न हजार आठशे जमले होते. पाडव्याला अठरा दिवस उरलेले, आणि नेमक्या तेव्हाच मोटारी येईनाशा झाल्या. कामाचं असंच असतं, नको तेव्हा रांग लागते. पाच दिवसांत एक पंखा आणि एक स्टार्टर, एवढीच जमा. कडूबा रोज संध्याकाळी त्या पानासमोर बसायचा आणि खालचा आकडा कालचाच दिसायचा.

सहाव्या दिवशी टेम्पो थांबला आणि गिरिजाबाई उतरल्या. बोअरची मोटार जळाली होती.

त्यानं ती तीन दिवसांत भरली. हात नेहमीसारखे चालत होते, डोकं मात्र एकच वाक्य घोळवत होतं. वहिनी, अवंदा जरा अडचण हाये. या वाक्याची सुरुवात कशी करायची आणि शेवट कुठं करायचा, हे त्यानं बायकोलाही विचारलं. ती म्हणाली, जे आहे ते सांगा, शब्द शोधत बसू नका.

चौथ्या दिवशी गिरिजाबाई मोटार न्यायला आल्या. हातातली मोसंब्यांची पिशवी त्यांनी नेहमीसारखी स्टुलावर ठेवली, पदरानं घाम टिपला.

"झाली का भावजी?"

"झाली. करंट बराबर घिऊन राह्यली." कडूबा हातातली पक्कड फडक्यानं पुसत राहिला. ती स्वच्छच होती. "वहिनी, ह्या गाळ्याचे साठ हजार भरायचेत पाडव्याला. थोडे कमी पडून राह्यलेत. तर मोटारीचे… चौदाशे झालेत."

बोलून झालं आणि त्याचे कान तापले. बाहेरून उसाचा ट्रक गेला, पत्रे थरथरले.

"चौदाशे का?" गिरिजाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. आतून नोटांची घडी काढली, शंभराच्या चौदा मोजल्या आणि बाकावर ठेवल्या. "चिठ्ठी देता का?"

बिलाचं पुस्तक त्यानं शोधून काढलं. नावाच्या जागी लिहायला गेला आणि थबकला. बावीस वर्षांत त्यानं या बाईचं नाव कधी लिहिलं नव्हतं. गिरिजाबाई भिवा, एवढं लिहिलं आणि पुढं रक्कम टाकली.

चिठ्ठी वाचून गिरिजाबाईंनी तिची बारीक घडी केली. मग म्हणाल्या, "बरं झालं बोललात. ह्यांच्या माघारी आठ वर्सं झाली मी येऊन राह्यले. मोटार जळाली की मोटारीचं दुःख कमी अन् तुमच्या दारात यायचं जास्ती. आपण मागून खातोय असं वाटायचं."

"वहिनी, असं कसं म्हणता? भिवादादाचे उपकार…"

"ते त्यांचे. ते त्यांच्यासंगं गेले. मी काय केल्तं तुमच्यासाठी? दर खेपेला पैसे कमरेला बांधून आणायचे मी. तुम्ही मागितलेच न्हाईत. तसेच वापस घिऊन जायचे."

कडूबाला आजवर वाटत होतं की आपण उपकार फेडतो आहोत. समोरच्या माणसाच्या खांद्यावर ते दर वर्षी थोडे थोडे चढत होते, हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

"मागचे किती होतात?" त्यांनी विचारलं.

"मागचं काईच न्हाई."

"बराबर हाये ना? मंग मनात ठेवू नका. आता मी कुणाची मिंधी न्हाई." त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. आल्या होत्या त्यापेक्षा ताठ चालत त्या टेम्पोत जाऊन बसल्या.

त्या संध्याकाळी कडूबानं चौदाशे जमेला टाकले. खालचा आकडा सरकला. नंदाचा लगेच फोन आला. "अण्णा, घेतले का? काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "खूश झाल्या." ते खरंही होतं, आणि त्याच्या मनावरचा मोठा धोंडा उतरला होता. आपण उगाच घाबरत होतो, असं तो सगुणाबाईलाही म्हणाला.

मग एकदम दोन पाच एचपी आल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी कडूबा अंबडला गेला आणि अप्पारावांच्या हातात साठ हजार मोजून दिले. त्यांनी कागदावर सही करून दिली, वर चहा पाजला. तो दिवसातला तिसरा होता. परत येताना एसटीत त्याचे डोळे भरून आले आणि शेजारच्या माणसाला त्यानं सांगितलं की खिडकीतून धूळ आली. घरी सगुणाबाईनं गुढीला नवं खणाचं कापड लावलं, त्याचे साठ रुपये सांगितले आणि तेही मांडा म्हणाली. देवानंदनं त्या दिवसाचे पाच रुपये घेतले नाहीत. गाळा राहिला.

चैत्र निम्मा झाला तेव्हा सगुणाबाई धान्याच्या कोठीत हात घालून म्हणाली, "अवंदा गिरिजाबाईकडून जवारी आली न्हाई."

"येईल. खळं लांबलं असंल."

खळी केव्हाच उरकली होती. आठ दिवस वाट पाहून त्यानं बाजारातून ज्वारी आणली, हजाराला एक पोतं. तुरीची डाळ दहा किलो, चारशे. त्यानं सगळं मांडलं आणि किराण्याचा रकाना पहिल्यांदाच लालभडक झाला. हजार आणि चारशे. तो त्या आकड्यांकडे बघत राहिला. चौदाशे. नेमके मोटारीचे चौदाशे.

कडूबाची उत्सुकता अशा वेळीही गप्प बसणारी नव्हती. त्यानं मागची वर्षं आठवून पाहिली. ज्या साली दोन मोटारी जळाल्या, त्या साली पोती दोन आली होती. ज्या साली एकही जळाली नाही, त्या साली नुसत्या मोसंब्या. म्हणजे हिशोब होता. भिवानं सुरू केला होता आणि त्याच्या माघारी गिरिजाबाईंनी आठ वर्षं चोख ठेवला होता, कुठल्याही कागदाशिवाय, आणि तो पुरा झाला असं समाधान त्यांना एकदाही मिळालं नव्हतं, कारण पोत्याला कोणी चिठ्ठी देत नाही.

"अण्णा, किराणा लाल कामून झाला?" नंदानं विचारलं.

"जवारी इकत घेतली."

गिरिजाबाईंच्या ज्वारीच्या भाकरी खाऊन नंदा मोठी झाली होती. "मी सांगितलं म्हून झालं का हे?"

"न्हाई. घेतले ते बराबर घेतले. त्यांनाच बरं वाटलं," तो म्हणाला. "तू हद्द वाढव. किराण्याची."

ज्येष्ठात गिरिजाबाई आल्या. विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं होतं. कडूबा लगबगीनं उठला, स्टूल पुढं केलं, सगुणाबाईला चहा टाकायला निरोप पाठवतो म्हणाला.

"चहा नको. जल्दीत हाये. किती वेळ लागंल मिस्तरी?"

त्यानं ऐकलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कडवटपणा तर नव्हताच. राग असता तर बरं झालं असतं, रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. त्या साध्या, सरळ बोलत होत्या, जसं कोणीही गिऱ्हाईक बोलतं.

"अर्धा तास, वहिनी," तो म्हणाला.

त्या अर्धा तास बाकावर बसून राहिल्या. कडूबानं बागेचं विचारलं. त्यांनी सांगितलं की बरी आहे, पाणी कमी पडतंय. त्यानं नंदाचं लग्न जमवायचं चाललंय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, चांगलं झालं, पत्रिका द्या. मग त्या रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिल्या. बेअरिंग बसलं, मोटार फिरवून पाहिली. साडेतीनशे झाले. त्यांनी मोजून दिले, चिठ्ठी घेतली, घडी करून पिशवीत टाकली.

टेम्पोवाला एकटाच होता. मोटार चाळीस किलोंची. कडूबानं ती छातीशी धरून उचलली, उन्हातून नेली आणि टेम्पोत नीट आडवी ठेवली, खाली गोणपाट घालून. पन्नाशी उलटलेल्या माणसाला धाप लागली. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. गिरिजाबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी कमरेची पिशवी पुन्हा उघडली.

"हमालीचे किती झाले?"

"हमालीचे न्हाई घेत मी."

"असं कसं? दुसरा माणूस लावला असता तर त्याला दिलेच असते." त्यांनी दहाची नोट त्याच्या हातात ठेवली, त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली, आणि टेम्पोवाल्याला चल म्हणाल्या.

संध्याकाळी कडूबा देवानंदकडे गेला. दहाची नोट वरच्या खिशात तशीच होती. आलेला रुपया न् रुपया मांडायचा, हे नंदाशी ठरलेलं होतं. त्यानं बोट हवेत फिरवून एकेक अक्षर शोधलं. BEARING 350. त्याखाली HAMALI. मग एक, मग शून्य. पानानं ते लगेच घेतलं, आणि खालचा आकडा दहानं वाढला.